आवर्तनाबाहेरचं पाणी

नगर जिल्ह्यात कुणी नुसतं नावेत बसायला निघालं, तर ऐकणारा आधी विचारतो, "काही काम होतं का तिकडं?" कामाशिवाय पाण्याकडं जायची आमच्यात रीत नाही. पाण्यावर जायचं ते मोटार चालू करायला, दारं धरायला, पाटकऱ्याला गाठायला, नाहीतर वरच्या अंगाला कुणी रात्रीतून पाणी चोरायला डोंगळा टाकलाय का ते बघायला. फार तर गणपती बोळवायला आणि दहाव्याला. त्यामुळं आईच्या पंच्याहत्तरीला घरच्यांपुरती आख्खी बोट ठरवायची, पाण्यावर दोन तास काढायचे, केक कापायचा, गाणी म्हणायची, असा बेत घरच्या ग्रुपवर पडला तेव्हा कितीतरी वेळ कुणी साधा अंगठासुद्धा टाकला नाही. शेवटी थोरल्या वहिनींनी एकच शब्द लिहिला. "कशाला?"

बेत बहिणीच्या मुलाचा. तो अ‍ॅमस्टरडॅमला नोकरीला आहे. मित्राच्या तिशीला त्यांनी तिथल्या कालव्यात विजेवर चालणारी नाव भाड्यानं घेतली होती, तिचे फोटो त्यानं पाठवले. मधे लांबट टेबल, दोन्ही कडेला पोरंपोरी, टेबलावर चीजच्या ताटाशेजारी आपला पातळ पोह्यांचा चिवडा, आणि मागं काठाला सतराव्या शतकातली उंच अरुंद घरं, त्यातली काही चक्क पुढं कललेली. शहराभोवतीची ही कालव्यांची कडी २०१० साली युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतली आहे. फोटोखाली त्यानं लिहिलं होतं, "मावशी, आपल्या श्रीरामपूरलाही पाट आहे की. तिथंच करू ना."

पोरगं पुण्यात वाढलेलं, पण मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी यायचं ते पाटासाठीच. ट्रॅक्टरची ट्यूब फुगवून पुलावरनं उडी मारायची आणि पुढच्या पुलापाशी काठाच्या झुडपाला धरून बाहेर यायचं, हा त्यांचा खेळ. आई काठानं ओरडत पळायची. तेव्हा पाटावर मजा करता येते हे त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. त्याला सरळ उत्तर देणं मला जड गेलं, म्हणून मी तात्यांना फोन लावला. तात्या माझे चुलते, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. प्रवरेच्या डाव्या कालव्याचं कुठलं गेट कुठं अडतं हे त्यांना अजूनही तोंडपाठ आहे.

"बोट?" तात्या म्हणाले. "पाटात? आगं, पहिली गोष्ट, पाट वाहता कधी असतो? आवर्तन असलं तर, धरणातनं पाणी सुटलं तर. आवर्तन बंद झालं की तुझी बोट बसली गाळात. बरं, चालू पाटात घातली तरी पुलाखालनं डोकं निघायचं नाही. पुढं फॉल लागतो, तिथं पाणी खाली उडी मारतं. सायफन लागतो, तिथं तर पाणी ओढ्याच्या खालनं जातं, बोट कशी जाईल? अन् चुकून एस्केपला लागलात तर थेट नाल्यात. आणखी ऐक. हेच पाणी गावाच्या साठवण तलावात जातं आणि नळाला येतं. त्यात तुम्ही केक कापणार?" एवढं बोलून त्यांनी १९७६ च्या महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियमाचा उल्लेख केला. निवृत्त माणसाकडं कायदा कायम हाताशी असतो.

तात्यांचं बोलणं मी भाच्याला जसंच्या तसं पाठवलं आणि मला स्वतःलाच चाळा लागला. कालव्यातून नावा चालवायच्या ही कल्पना या देशाला परकी मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन हा इंजिनिअर आयुष्यभर तेच सांगत राहिला, की रेल्वेपेक्षा कालवे बांधा, शेतीही भिजेल आणि मालही जाईल. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या कालव्यांतून नावा चाललेल्या आहेत. कर्नूल-कडप्पा कालवा तर एका खासगी कंपनीनं सिंचन आणि वाहतूक दोन्ही मनात धरूनच खोदला. आमच्या पठारावर मात्र हे स्वप्न कुणी पाहिलं नाही. इथली उताराची जमीन, मधेच आडवे येणारे ओढे आणि मुळात पाणीच बेताचं. इथं कालवे आले ते दुष्काळाच्या धाकानं. एकोणिसावं शतक संपता संपता एकामागून एक दुष्काळ पडले, १९०१ ते १९०३ मध्ये सिंचन आयोग बसला, त्यानं दुष्काळी मुलखाला आडोसा देणारी कामं सुचवली, आणि त्या हवेत १९१० साली प्रवरेवर भंडारदऱ्याच्या धरणाचं काम सुरू झालं. ज्या पाण्याचा जन्मच उपासमारीच्या भीतीतून झाला, त्याच्यावर पार्टी करायला माणूस कचरणारच.

या कचरण्याचा मुक्काम आमच्या घरात बराच जुना आहे. आमची जमीन टेलला. पाटाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला यापुढं काही सांगावं लागत नाही. इतरांसाठी सांगते: हेड म्हणजे पाटाचं तोंड, टेल म्हणजे शेवटचं टोक. हेडचा माणूस पाणी येण्याची वाट बघत नाही, टेलचा माणूस दुसरं काही करत नाही. कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पुढारी खुर्च्यांवर आणि शेतकरी उभे राहून भांडतात, रब्बीची किती आणि उन्हाळी किती आवर्तनं ते ठरतं, पेपरात तारीख येते. सात नंबरचा अर्ज भरायचा, मागची पाणीपट्टी भरल्याची पावती जोडायची. मग पाणी सुटतं. सुटल्यावर ते आमच्या चारीला येईपर्यंत वरच्या प्रत्येक गावाची त्यावर नजर. आलं तरी कधी येईल याचा नेम नाही, आणि का कोण जाणे, टेलला पाणी नेहमी रात्रीच येतं.

वडील कारखान्याच्या ऊसतोडीच्या तारखांमागं, नाहीतर कुणाच्या लग्नाला, नाहीतर तापानं पडलेले. त्यामुळं दारं धरायला आई. मला आठवतं ते असं: नऊवारीचा ओचा वर खोचलेला, हातात खोरं, बॅटरी दातात धरलेली, कारण दोन्ही हात मातीत. एक वाफा भरत आला की ती पायानं चाचपायची. बॅटरी लावून बघायची नाही. सेल जपायचे असत. घोट्याला पाणी लागलं की वाफ्याचं दार मातीनं बांधायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. पहाटे ती घरी यायची तेव्हा तिच्या बोटांची टोकं पांढरीफटक, सुरकुतलेली असायची, आणि त्याच हातांनी ती चुलीला जाळ घालायची. थंडीत, पौषात, रब्बीच्या आवर्तनात हे सगळं. आणि अशा बाईला तिचं पोटचं लेकरू विचारतंय, आई, पाण्यावर फिरायला येतेस का?

मी विचारलं नाहीच. माझ्या धाकट्या भावानं विचारलं. तो शेतावरच असतो, तिच्याशी त्याचं तोंड सुटं आहे. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "पाटात कशाला? बसायचंच असलं तर धरणात बसू. जिथनं पाणी येतं ती जागा मी आजून पाह्यली नाही."

भाऊ फोनवर हे सांगताना हसत होता. मला हसू आलं नाही. उभा जन्म जिनं भंडारदऱ्याचं पाणी वाफ्यावाफ्यानं वाटलं, भंडारदरा भरलं की जिच्या घरी गोड व्हायचं, तिनं भंडारदरा पाहिलेलं नव्हतं. शंभरावर किलोमीटरचा तर रस्ता. पंढरपूर झालं, काशी झाली, भावाबरोबर तिरुपती झालं. धरण राहिलं, कारण धरणाकडं तिचं काही काम नव्हतं.

मग बेत ठरला, आणि ठरल्यावर बैठक थोरल्या भावाकडं, नगरला सावेडीत. त्याचं घर भिस्तबाग चौकापासून जवळ. यादी करता करता वाद सुरू झाले म्हणून मी पाय मोकळे करायला बाहेर पडले ती भिस्तबाग महालापर्यंत गेले. नगरकरांच्या रोजच्या तोंडात भिस्तबाग म्हणजे चौक, रिक्षाचा थांबा, प्लॉटची जाहिरात. खरं तर ही हश्त बिहिश्त बाग, म्हणजे आठ स्वर्गांची बाग. १४९० च्या सुमारास शहर वसवणाऱ्या अहमद निजामशहानं ती १५०६ साली केली. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी महाल आणि भोवती पाणी. पुढं मुर्तजा निजामशहा इथं बुद्धिबळाचे डाव मांडून बसायचा असं जुनं गॅझेटियर सांगतं. शहराच्या दुसऱ्या अंगाला, सोलापूर रस्त्याकडं, १५८३ साली पुरा झालेला फराहबाग. तोही पाण्याच्या मधोमध. निजामशहांना पाण्यात बसायची भारी हौस. भुईकोट किल्ल्याच्या खंदकात पाणी ठेवायचं ते शत्रूसाठी, आणि महालाभोवती ठेवायचं ते जिवाच्या चैनीसाठी.

आज महालाभोवतीच्या तळ्यात गवत आहे. उरलेल्या भिंतींना टेकून पोरं मोबाइल बघत बसलेली असतात. मला आवडतं ते पाणी इथवर यायचं कसं, ती गोष्ट. निजामशाहीनं डोंगराकडच्या गावांतून, कापूरवाडीकडून, शेंडी-वडगावकडून, जमिनीखालून खापरी नळ टाकून पाणी शहरात आणलं. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवलेले, उतार इतका नेमका की पंपाशिवाय पाणी मैलोन् मैल चालत यायचं. नगरसारख्या बेताच्या पावसाच्या गावात हौदांना आणि कारंज्यांना पाणी खेळवणं हे सोपं काम नव्हतं. चैन होती, पण इंजिनिअरिंग पक्कं होतं. हश्त बिहिश्तला पाणी द्यायची ती नगरजवळची शेंडी. आणि आम्ही ज्या धरणावर निघालो होतो, त्याच्या पायथ्याचं गाव, जिथं एसटी थांबते, हॉटेलं आहेत, तेही शेंडीच, अकोले तालुक्यातलं. एकाच जिल्ह्यात दोन शेंड्या आणि दोन्हींच्या नशिबी पाणी दुसऱ्यांकडं लावून देणं आलं. तिथं उभी असताना मला एवढंच वाटलं, की या जिल्ह्यात पाण्यावरची पहिली खासगी पार्टी चारशे-पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेली. आम्ही काही जगावेगळं करत नाही. ज्यांनी नळ खोदले आणि वाहिले त्यांना त्या तळ्याकाठी बसायला मिळालं असेल का, हा प्रश्न मात्र परत येईतो डोक्यात राहिला.

घरी आले तर वाद तारखेवर अडकला होता. आईचा वाढदिवस आधार कार्डावर १ जून. तिच्या पिढीतल्या निम्म्या महाराष्ट्राचा तोच आहे, शाळेच्या मास्तरांच्या कृपेनं. तिची स्वतःची आठवण वेगळी, आषाढात, पेरण्या उरकल्यावर. म्हणजे तारीख आमच्या हातात होती. थोरल्या भावाचा मुलगा जूनच्या पहिल्या आठवड्यावर अडून बसला, कारण तेव्हा भंडारदऱ्याच्या रानात काजवे असतात आणि इन्स्टाग्रामवर सगळे तिथंच असतात. तात्यांनी त्याला उडवून लावलं. "जूनला धरणाचा तळ दिसतो. गाळ बघायला जायचं का?" आषाढ-श्रावणात घाटघर-रतनवाडीला पाऊस कोसळतो तो असा, की नगरला वर्षभरात पडत नाही तेवढा तिथं काही दिवसांत पडून जातो, तेव्हा बोट कोण काढणार? बहुतेक वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास धरण भरतं. मग दिवाळीची सुट्टी? तात्यांनी पुन्हा मान हलवली. त्या सुमाराला जायकवाडीचं असतं. २००५ च्या कायद्यानं खोऱ्यातलं पाणी समन्यायी वाटायचं ठरलं, तेव्हापासून पाऊस कमी झाला की दसरा-दिवाळीच्या तोंडावर नगर-नाशिकच्या धरणांतून मराठवाड्यासाठी पाणी सोडायचं निघतं. आंदोलनं, निवेदनं, कोर्ट. "अशा वेळी धरणावर केक कापताना कुणी फोटो काढला तर माझी काय अब्रू राहील?" तात्या म्हणाले. ते हसत नव्हते.

राहता राहिला मार्गशीर्ष. धरणात भरपूर पाणी, हवा कोरडी, रब्बीचं आवर्तन तोंडावर पण अजून सुटलेलं नाही. फक्त गुरुवार नको, निम्म्या बायकांचा उपास. रविवार धरला.

बाकीची आखणी पटापट झाली असं म्हटलं तर खोटं ठरेल. पण ती कुठल्याही घरात होते तशीच झाली. कोण कुणाच्या गाडीत, कुणाला उलटी होते, कुणाला पुढची सीट. वर्गणी डोई किती आणि लहान पोरांना धरायचं का. जेवणात मासवड्या हव्यात हा संगमनेरकरीण म्हणून माझा हट्ट, तर बहिणीचं म्हणणं पुरणपोळीशिवाय पंच्याहत्तरी कसली. पंच्याहत्तर दिव्यांचं औक्षण बोटीवर करायचं होतं. कणकेचे दिवे, तूप, वाती, सगळं. रतनवाडीच्या बोटवाल्या पोरानं फोनवर तीन शब्दांत निकाल लावला, "बोटीवर आग नाय." मला तो तिथंच आवडला. औक्षण मग काठावर, निघण्याआधी.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो स्पीकरनं आणि 'बसण्या'नं. आमच्याकडची नव्या पिढीची समजूत अशी, की पाणी दिसलं की गाणं मोठ्यानं लावायचं आणि पुरुषांनी बाजूला जाऊन बाटली उघडायची. धरणांवर रविवारी दुपारी जाऊन बघा, ही समजूत किती खोल गेली आहे ते कळेल. भंडारदऱ्याभोवतीचा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. तिथं स्पीकर लावणं बेकायदा तर आहेच, वर ते गावंढळपणाचंही आहे, असं मी ग्रुपवर लिहिलं आणि दोन पुतण्यांचा रोष पत्करला. बाटलीचं काम थोरल्या वहिनींनी केलं. ज्यांना बसायचं असेल त्यांनी घरीच बसावं, एवढंच त्या म्हणाल्या. त्यानंतर तो विषय निघाला नाही.

जॅकेटचा विषय मात्र मी सोडला नाही, आणि इथं मला विनोद सुचत नाही. २१ मे २०२४ ला उजनी धरणात कुगावहून कळाशीकडं निघालेली प्रवासी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. त्याच आठवड्यात आमच्या अकोले तालुक्यात, सुगावला, प्रवरेत बुडालेल्या तरुणांना शोधायला उतरलेली राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली, आणि त्या दलाचेच तीन जवान गेले. पोहायला शिकलेली, शोधकार्याचं प्रशिक्षण घेतलेली माणसं. त्यानंतरही आपल्याकडं नावेत बसणारा पहिल्यांदा म्हणतो, जॅकेट कशाला, दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. आम्ही ठरवलं, जेवढी जॅकेटं तेवढीच माणसं, आणि बोट एकाऐवजी दोन. वर्गणी वाढली. कुरकुर झाली. झाली तर झाली.

त्या रविवारी सकाळी राजूरच्या पुढं गाडीत थंडी शिरायला लागली आणि आईनं शाल डोक्यावरून घेतली. धरणाची भिंत दिसल्यावर ती काहीच बोलली नाही. ८२ मीटर उंचीची दगडी भिंत, १९२६ साली पुरी झाली, तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला आणि मागच्या तलावाला आर्थर लेक. तात्या हे सगळं तिला ऐकवत होते. तिनं मधेच विचारलं, "मोरी कुठंय?" म्हणजे पाणी बाहेर पडतं ती जागा. तिला भिंतीत रस नव्हता, भिंतीला पडलेल्या दारात होता.

बोटी फायबरच्या, मागं इंजिन. जॅकेटं केशरी, ओलसर वासाची. आईच्या जॅकेटचा पट्टा तुटलेला होता तो त्या पोरानं सुतळीनं बांधून दिला आणि दोनदा ओढून बघितला. कापलेल्या कॅननं तो बोटीतलं पाणी उपसत होता. पाण्याच्या मधोमध आल्यावर त्यानं इंजिन बंद केलं, पाहुण्यांना फोटो काढता यावेत म्हणून. समोर रतनगड, त्याच्या पोटात प्रवरेचा उगम. भाच्याचा व्हिडिओ कॉल लागत नव्हता, रेंज नाही. केक दुसऱ्या बोटीत राहिला होता. पुतणे गाणं सुचवत होते. आणि आई काठाकडं बघत होती, जिथं पाणी उतरत गेल्याच्या रेघा खडकावर एकाखाली एक पडलेल्या असतात. तिनं तात्यांना विचारलं, "किती टीएमसी आसंल?"

"अकराचं धरण," तात्या म्हणाले. "आता जवळजवळ भरलेलंच."

"मग आपल्या चारीला किती दिस?"

तात्या हिशेबाला लागले. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. पाचशे क्युसेकनं कालवा चालला तर एक टीएमसी संपायला तेवीस दिवस. पण खाली निळवंडे धरण, त्याचं सव्वाआठ टीएमसी निराळं, त्याचे कालवे आता कुठं चालू झाले. १९७० सालचा प्रकल्प आणि डाव्या कालव्याचं लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये. वर जायकवाडीचा वाटा, गावांचं पिण्याचं आरक्षण, गळती, बाष्पीभवन. बोट हलत होती, तात्या बोटं मोजत होते आणि आई ऐकत होती. आमच्या घरात वाढदिवसाला एवढ्या गंभीरपणे कुणी बोललेलं मला आठवत नाही. पुतण्यांनी मान टाकली.

मग आईनं मोर्चा बोटवाल्या पोराकडं वळवला. "तुमचं रान भिजतं का रे यानं?"

"आमचं?" तो हसला. "पावसाचा भात होतो आज्जे. धरणाचं पाणी खाली जातं, तुमच्याकडं. उन्हाळ्यात आमच्या आया डोक्यावर हंडे वाहतात."

धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती आणि शिकवलीही आहे. उशाला राहणारा माणूस समोर हातभर अंतरावर बसून असं हसत सांगतो तेव्हा ती म्हण वापरायची लाज वाटते. आई थोडा वेळ त्याच्याकडं बघत राहिली. टेलच्या बाईला आयुष्यभर वाटत आलं होतं की सगळं पाणी हेडचे लोक खातात. हेडच्याही वर कुणी राहतं, आणि त्याच्या वाट्याला चारीसुद्धा नाही, हे तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. "आन् तरी तू आम्हाला फिरवतोस व्हय," ती म्हणाली. तो म्हणाला, "सीझन आहे आज्जे, धंदा आहे." याहून सरळ उत्तर मी ऐकलेलं नाही.

रतनवाडीला उतरून अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, काळ्या दगडाचं हेमाडपंती देऊळ, शेजारी बांधीव पुष्करणी. जेवण गावातल्या एका घरी सांगितलं होतं. नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. माझ्या मासवड्या आणि बहिणीच्या पोळ्या डब्यातून निघाल्या. केक पोरांनी कापला. आईनं एक घास घेतला आणि उरलेला त्या घरच्या लेकरांना द्यायला लावला. परतीच्या बोटीत ती जरा सैल झाली. हात बाहेर काढून पाण्यात धरला, बोटांवरून पाणी जाऊ दिलं, आणि पोरांनी ओरडल्यावर आत घेतला. "थंड हाय," म्हणाली. बस, पाण्याची तिनं केलेली स्तुती एवढीच.

हौस आणि हिशेब यांचं भांडण आमच्या मुलखात मिटेल असं मला वाटत नाही, आणि मिटूही नये. पाण्याकडं नुसतं बघत बसायचा हक्क निजामशहाला जितका होता तितका दारं धरणाऱ्या बाईलाही आहे. पण ती बघायला बसली तरी मोजणारच, आणि तिनं मोजावं. अ‍ॅमस्टरडॅमच्या पोरांना ते मोजावं लागत नाही, कारण त्यांच्या पुरखांनी पाणी हटवायचा खटाटोप केला. आमच्यांनी ते आणायचा.

तुम्ही भंडारदऱ्यावर घरच्यांची बोट करणार असाल, तर डिसेंबरात करा, आवर्तन सुटायच्या आधी. बोट रतनवाडी-शेंडीच्या पोरांकडून घ्या आणि भावात घासाघीस करू नका. जेवण तिथल्याच एखाद्या घरी सांगा. स्पीकर घरी ठेवा. जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर असल्याशिवाय इंजिन चालू करू देऊ नका, पाहुणे कितीही हसले तरी. आणि घरात कुणी टेलचं जुनं माणूस असेल, तर त्याला पुढच्या फळीवर बसवा आणि तो विचारील त्या प्रश्नांची उत्तरं आधीच पाठ करून जा.